बसून मार

टायरवाल्या भावांची मारामारी बघायला नाक्यावर ट्रक थांबायचे, असं लोक सांगतात. त्यात थोडं तिखटमीठ असेल. पण मारामारी व्हायची हे खरं, आणि ती बसून व्हायची हेही खरं. तो थोरल्याचा नियम होता. त्याचे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेले होते, कमरेखाली सगळं वाळलेल्या काटक्यांसारखं. धाकटा म्हणजे डोंगर. नाक्यावर त्याला 'डंपर' म्हणायचे. भांडण तोंडावरून हातावर आलं की थोरला जमिनीवर पंजा आपटून म्हणायचा, "बस. बसून मार. उभ्याने कुत्र्याला मारतात." मग तो डंपर धपकन खाली बसायचा, आणि जरा वेळाने त्याचं तोंड जुन्या ट्यूबांच्या ढिगात खुपसलेलं असायचं. बसून लढायचं तर थोरल्याला हरवणारा माणूस त्या रस्त्यावर नव्हता. जन्मभर हातांवर चाललेला माणूस तो. दंड मांड्यांएवढे झाले होते आणि बोटं एकदा वळली की नटावर पान्हा बसल्यासारखी बसायची.

थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. धाकटा तेवढा दादा म्हणायचा. आणि आई, दोघांवर वैतागली की, म्हणायची, "एकाला पाय नाहीत, दुसऱ्याला डोकं नाही. दोन पोरं जन्माला घातली, पण दोघांत मिळून एक धड माणूस निघेना."

त्यांचा बाप ट्रकवर ड्रायव्हर होता. घरी आला की प्यायचा, आणि प्यायला की पट्टा काढायचा. थोरल्याला मात्र त्याने कधी बोट लावलं नाही. "मेलेल्याला काय मारायचं," म्हणायचा. घरी कुणी येणार असलं की आईला सांगायचा, "ते आत ठेव." 'त्याला' नाही, 'ते'. थोरला मग मागच्या खोलीत कोळशाच्या पोत्याला टेकून पुढच्या खोलीतलं हसणंबोलणं ऐकत बसायचा. आलेल्या माणसांना वाटायचं, या घरात एकच पोरगा आहे.

मार धाकट्याच्या वाट्याला यायचा. तो धडधाकट होता, म्हणजे बापाच्या लेखी मारण्याच्या लायकीचा होता. एका संध्याकाळी असंच काहीतरी झालं. दूध सांडलं की दार उघडं राहिलं, ते पुढे कुणालाच आठवेना. बापाने पट्टा उलटा धरला आणि बक्कल पोराच्या पाठीत उतरलं. सदरा फाटला, खाली कातडीही फाटली. पोर ओरडलं नाही, त्याचा आवाजच गेला होता. तेव्हा थोरला फरशीवरून घासत पुढे आला आणि मागून बापाचा घोटा त्याने दोन्ही हातांनी धरला.

बाप आधी हसला. मग त्याने पाय झटकला. मग दुसऱ्या पायाने लाथ घातली, थेट तोंडावर. थोरल्याचे पुढचे दात पडले, हनुवटीवरून रक्ताची धार लागली. हात तसेच. बापाने आणखी एक लाथ उचलली आणि तिथे तो चुकला. कारण एक पाय पकडीत आणि दुसरा हवेत असला की माणूस फार वेळ बाप राहत नाही. तो आडवा झाला आणि त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. थोरला त्याच्या अंगावरून वर सरकत छातीपर्यंत गेला आणि त्याने गळा धरला.

"आता म्हण," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्दांबरोबर रक्त उडत होतं. "'ते' म्हण पुन्हा. म्हण ना!"

आईने केस धरून ओढलं तेव्हा कुठे त्याचे हात सुटले. बाप त्यानंतर थोडे दिवस घरात होता. पट्टा कमरेलाच राहिला. मग एका फेरीवर गेला तो परत आला नाही. आईने वाट पाहिली, कंटाळली, आणि त्याचे कपडे फाडून फरशी पुसायला घेतले.

धाकटा शाळेत जाऊ लागला. वर्गातल्या एका पोराने थोरल्याची नक्कल केली, ढुंगणावर सरकत सगळ्या वर्गाला फेरी मारली. धाकट्याने त्याचं नाक फोडलं आणि छाती काढून घरी आला. सगळं ऐकून घेतल्यावर थोरला म्हणाला, "जवळ ये." शाबासकी मिळणार म्हणून हा वाकला, आणि कानाखाली अशी बसली की त्याला दिवसा चांदण्या दिसल्या.

"नक्कल कुणाची केली त्याने?"

"तुझी."

"मग मारायचं कुणी? माझी भांडणं तू कुणाला विचारून भांडलास? मला हात नाहीत?"

"तू तिथे नव्हतास ना, दादा!"

"मग मला तिथे न्यायचं."

दुसऱ्या दिवशी त्याने खरोखर थोरल्याला पाठुंगळी मारून शाळेच्या फाटकावर नेलं. नाकाला पट्टी लावलेलं ते पोर समोर उभं केलं. थोरला म्हणाला, "कर नक्कल. मी बघतो. चुकत असेल तर सांगतो." पोर भोकाड पसरून पळालं. परत येताना धाकट्याच्या मानेवर थोरल्याचे दोन हात होते आणि तो सारखा म्हणत होता, "पळालं रे. पळालं ते." भांडण हातचं गेल्यासारखा त्याचा आवाज होता.

टायरच्या धंद्यात थोरला आपण होऊन शिरला. नाक्यावर एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. तिथे त्याने पाहिलं की या कामात माणूस दिवसभर जमिनीवर बसतो. गिऱ्हाईक उभं असतं, पण ते बिनकामाचं. त्याने म्हाताऱ्याला विचारलं, "मला ठेवता?" म्हातारा म्हणाला, "चाक कोण लोटणार?" थोरल्याने मागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे अंगठा केला. "तो लोटेल. डोकं लागत नाही त्याला."

पुढे म्हातारा थकला आणि दुकान दोघांकडेच आलं. डंपर जॅक लावायचा, नट सोडायचा, ट्रकचं चाक काढून लोटत आणायचा. मग मिस्त्री चाकाला मिठी मारून बसायचा. टामी म्हणजे ती लांब लोखंडी सळई. ती फटीत घालून, वर घणाचे घाव घालून तो टायर अडवणारी लोखंडी रिंग उचकटायचा. ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या टाकीत दाबायचा आणि बुडबुडा कुठे फुटतो ते बघायचा. कॉम्प्रेसरने हवा भरताना चाकाला साखळदंड बांधायचा, कारण नीट न बसलेली रिंग उडाली तर समोरच्या माणसाचा चेंदामेंदा होतो. त्याने जुन्या टायरचे दोन तुकडे कापून, पट्टे लावून हातात घालायच्या चपला केल्या होत्या. "लोक पायात घालतात, मी हातात घालतो. झिजतात सारख्याच," असं म्हणायचा.

त्या दिवशी दुपार होती. रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. माल भरलेला एक ट्रक पंक्चर होऊन आला. त्याच्यावरचे ड्रायव्हर आणि क्लीनर हेही सख्खे भाऊ. ड्रायव्हर थोरला, अबोल. क्लीनर धाकटा, मिशीवाला, अंगात मस्ती. ड्रायव्हर पलीकडे हातपाय धुवायला गेला. डंपर आत ठिगळ शोधत होता. मिस्त्रीने हातातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि तो रिंगेवर घाव घालत होता. क्लीनरला उशीर होत होता, करमत नव्हतं. त्याने त्या चपला उचलल्या आणि ट्रकच्या टपावर फेकल्या.

"दे," मिस्त्री म्हणाला.

"उभा राहा आणि घे."

"दे म्हणतो ना."

"अरे, मोठा मिस्त्री ना तू? चढ की!"

मिस्त्रीने घण खाली ठेवला. दुकानाची सावली संपत होती तिथून ट्रकपर्यंत उघडं, तापलेलं डांबर होतं. तो त्याच्यावर उघडे तळवे टेकवत निघाला. कातडी चिकटत होती, तो उचलत होता आणि पुढे टेकवत होता. चेहऱ्यावर काही नाही. क्लीनर हसत होता, पण जरा कमी हसत होता. मिस्त्री त्याच्यापाशी पोहोचला आणि त्याने शांतपणे त्याचा घोटा धरला. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर क्लीनर पाठीवर आला असता, चार दणके खाल्ले असते, आणि दोघंही जगाच्या अंतापर्यंत एकमेकांना शिव्या देत ठणठणीत राहिले असते.

तेवढ्यात डंपर बाहेर आला. त्याने डांबरावर उमटलेले, कातडी सुटलेले पंजे पाहिले. वाकून टामी उचलली. मिस्त्री ओरडला, "थांब! माझा आहे तो!" पण टामी फिरली होती. पहिला फटका क्लीनरच्या डोक्याच्या मधोमध बसला आणि तो जागच्या जागी खाली घसरला. मिस्त्रीच्या हातातला घोटा सैल पडला. डंपर पुढे झाला, त्याने टामी पुन्हा वर नेली, आणि पडलेल्या माणसाला दुसरा फटका घातला. मग तोच टामीकडे बघत राहिला. मिस्त्रीच्या तोंडावर रक्त उडालं होतं. ड्रायव्हर ओल्या हातांनी धावत येत होता आणि भावाला हाका मारत होता.

पोलीस डंपरला घेऊन गेले. मिस्त्रीने हाताने चालवायची आपली तीनचाकी काढली आणि भाजलेल्या तळव्यांनी दांडा फिरवत तो चौकीवर पोहोचला. फौजदार खुर्चीवर पाय पसरून बसला होता.

"साहेब, मी मारलं त्याला," मिस्त्री जमिनीवरून म्हणाला. "माझा भाऊ आत होता. मला धरा."

फौजदाराने टेबलावरून वाकून खाली पाहिलं. "तू? मार डोक्याच्या वरच्या बाजूला आहे. शिडी लावली होतीस का?"

दोघं-तिघं हवालदार हसले. मिस्त्रीला आयुष्यात लोक पुष्कळदा हसले होते. पण आज तो स्वतःच्या गळ्यात फास घालून घ्यायला आला होता आणि तोही हे लोक घालू देत नव्हते.

"साहेब, मी खोटं बोलत नाही."

"घरी जा रे बाबा. तुझ्याच्याने झुरळ मरायचं नाही."

मिस्त्री टेबलाखालून पुढे गेला. फौजदाराचा बुटातला घोटा धरून त्याने असा हिसका दिला की खुर्ची मागे गेली आणि साहेब फरशीवर आले. ते उठायच्या आत मिस्त्रीचा एक पंजा त्यांच्या गळ्यावर होता आणि दुसरा टाळूवर.

"आता सांगा," तो धापा टाकत म्हणाला, "हात पोहोचतो की नाही डोक्याला?"

मग त्याला मारलं. काठ्यांनी, बुटांनी, पाठीवर, बरगड्यांवर. त्याला पळता येत नव्हतं आणि पळायचंही नव्हतं. "लिहा, मीच मारलं, लिहा," एवढंच तो म्हणत होता. कोठडीच्या गजांमागून डंपरने आवाज ओळखला. तो गज हलवून ओरडायला लागला, "मी मारलं! दोन्ही फटके माझे! त्याला सोडा!" आणि मग भावाला, "दादा, माझं भांडण तू कुणाला विचारून भांडतोस? मला तोंड नाही? मी केलंय ते मला भोगू दे!"

"गप बस, गाढवा!"

"तू गप बस!"

चौकीत एकाला मार बसतोय, दुसरा कोंडलेला आहे, आणि दोघं एकमेकांवर खेकसतायत. शेवटी मारणाऱ्या हवालदारालाच अवघडल्यासारखं झालं आणि त्याने काठी खाली केली. मिस्त्रीवर गुन्हा नोंदवला गेला नाही. पाय नसलेल्या माणसाने साहेबाला खुर्चीवरून पाडलं, हे कोण लिहून घेणार!

क्लीनर वाचला. पण उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड, सगळं लुळं. डंपरला काही वर्षांची सजा झाली.

तुरुंगातली भेटीची खोली वरच्या मजल्यावर होती. पहारेकरी म्हणाला, "उचलून नेऊ का?" मिस्त्रीने त्याला दिलेली शिवी इथे सांगण्यासारखी नाही. तो पायऱ्या हातांवर चढला. भेटीला आलेली माणसं त्याच्या बाजूने, काही तर त्याच्यावरून, पुढे गेली. जाळीमागे उभ्या असलेल्या डंपरला जिन्याचं तोंड समोर दिसत होतं. त्याला आधी टायरच्या दोन चपला दिसल्या, मग भावाचं डोकं, मग घामाने थबथबलेला सदरा. त्याने जाळी मुठीत धरली आणि मिस्त्री समोर येऊन बसेपर्यंत सोडली नाही.

"कशाला आलास एवढा?"

"तोंड बघायला. आधीच वाईट होतं, आता आणखी बिघडलंय."

डंपरही खाली बसला. बराच वेळ आईच्या गुडघ्यांचं, कॉम्प्रेसरच्या पट्ट्याचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "दादा, एक सांगू का? पहिला फटका तुझ्यासाठी होता. दुसऱ्या वेळी तू माझ्या डोक्यात नव्हतास. मला मारायचंच होतं. मारताना बरं वाटलं."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"मी तुझं तोंड बघत होतो. खाली बसलेल्याला वरच्याचं तोंड चांगलं दिसतं." मिस्त्रीने तळव्यावरचा घट्टा नखाने खरवडला. "बापाचा गळा धरला ना, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. तो निळा पडत होता आणि मला वाटत होतं, आईने येऊ नये. तुझी पाठ फाटली होती, तू माझ्यामागेच होतास. पण तेव्हा तूही माझ्या डोक्यात नव्हतास."

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा डंपर म्हणाला, "त्या माणसाचं काय?" मिस्त्री म्हणाला, "त्याचं मला विचारू नकोस. तुझं आहे ते."

पण ते त्याच्याही वाट्याला आलंच. ड्रायव्हर एका सकाळी लोखंडी कांब घेऊन दुकानात आला. आधी त्याने कॉम्प्रेसरचं हवा मोजायचं घड्याळ फोडलं, मग पाण्याची टाकी उलटी केली. मिस्त्री टायरात हात घालून बसला होता. कांब त्याच्या खांद्यावर बसली.

"तुझा भाऊ आत मजेत आहे. तू इथे. आणि माझा?" पुन्हा कांब उचलत ड्रायव्हर म्हणाला.

"मार," मिस्त्री म्हणाला. "पण खाली बसून मार. तुझ्या भावाला माझ्या भावाने उभ्याने मारलं, पडलेल्याला मारलं. तू तसं करू नकोस."

ड्रायव्हरला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्याने फटका घातला, मिस्त्रीने कांब हवेतच पकडली, आणि दोघं टायरांच्या उतरंडीत कोसळले. मग जे झालं त्याला बसून म्हणा, लोळून म्हणा. ड्रायव्हरने त्याच्या भुवईवर डोकं आपटलं. मिस्त्रीने त्याचं बोट पिरगाळलं, ते मोडलं. दोघांचेही सदरे रक्ताने माखले. ड्रायव्हर त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होता, आणि मारता मारता त्याच्या बुक्क्यांतला जोर संपला. तो तिथेच टायरला टेकून हुंदके देऊ लागला.

"घास भरवावा लागतो त्याला मला. मिशीवाला माणूस तो! भिंतीकडे तोंड करून पडतो."

मिस्त्री डोळ्यातलं रक्त पुसत म्हणाला, "डावा हात चालतो?"

"चालतो."

"मग भरवतोस कशाला? मारून टाकशील त्याला."

ड्रायव्हरने मोडलेल्या बोटासकट त्याला आणखी एक ठेवून दिली आणि उठून गेला.

मिस्त्री त्यांच्या घरी गेला. न बोलावता. ड्रायव्हरने दार लावून घेतलं, हा बाहेर बसून राहिला. परत गेला, परत बसला. अखेर ड्रायव्हरच्या बायकोला शेजाऱ्यांची लाज वाटली आणि तिने आत घेतलं. क्लीनर खाटेवर होता. त्याने मान वळवून पाहिलं, ओळखलं आणि खाली बसलेल्या मिस्त्रीच्या तोंडावर थुंकला.

मिस्त्रीने बाहीने तोंड पुसलं. "नेम चांगला आहे. बसशील कधी?"

तो जात राहिला. क्लीनरसमोरचं ताट ड्रायव्हरच्या बायकोच्या हातातून काढून घ्यायचा, खाटेच्या डाव्या कडेला ठेवायचा आणि म्हणायचा, "खा नाहीतर उपाशी मर. माझ्या आईने मला असंच वाढवलं." ड्रायव्हरने एकदा त्याला उचलून अंगणात फेकलं. तिथून मिस्त्री ओरडला, "तुला त्याचा कळवळा आहे, मला कळतं! पण तू त्याला 'ते' करून ठेवलंयस!" ड्रायव्हरला त्याचा अर्थ कळला नाही, पण आत क्लीनरला बहुतेक कळला. कारण पुढच्या खेपेला मिस्त्री दारातून आत आला तेव्हा क्लीनर पाण्याचा तांब्या मारण्यासाठी डाव्या कोपरावर जोर देऊन, दात खात, उठून बसला. तांब्या मिस्त्रीच्या कपाळावर लागला, खोक पडली. ड्रायव्हरच्या बायकोने किंकाळी फोडली. पण तांब्या मारून झाल्यावरही तो बसलेलाच होता. आपण बसलोय हे त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

याने सगळं गोड झालं असं नाही. क्लीनरने मिस्त्रीला कधी माफ केलं नाही आणि मिस्त्रीने माफी मागितलीही नाही. "गुन्हा माझा नाही, मी कशी मागू?" तो म्हणायचा. काठीच्या आधाराने क्लीनर घरातल्या घरात हिंडू लागला, तसं मिस्त्रीने जाणं थांबवलं.

डंपर सुटून आला. दाढी पांढरी, अंग उतरलेलं. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डंपर गेला होता, हातगाडी आली." जेवल्यावर तो म्हणाला, "मी जाऊन येतो त्याच्याकडे."

"मी गल्लीच्या तोंडाशी थांबतो," मिस्त्री म्हणाला. "आत येणार नाही."

आत काय झालं ते ड्रायव्हरने पुढे चार लोकांना सांगितलं. डंपर खाटेसमोर जाऊन उभा राहिला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, खाली बसला. म्हणाला, "दोन फटके मारले होते मी. दुसरा मारायला नको होता. पहिलाही नको होता." क्लीनर उठून बसला. त्याला वेळ लागला, पण कुणी हात दिला नाही. त्याने डाव्या हाताने काठी घेतली. पहिला फटका डंपरच्या कानावर बसला, दुसराही तिथेच, मग खांद्यावर, मग पुन्हा कानावर. डंपरने दोन्ही हातांनी स्वतःच्या मांड्या धरून ठेवल्या होत्या. कानातून रक्त मानेवर आलं, मानेवरून सदऱ्यात गेलं. शेवटी ड्रायव्हरनेच भावाच्या हातातली काठी धरली. "बास झालं. मरेल तो."

क्लीनर वाकड्या तोंडाने, अडखळत म्हणाला, "उद्या ये."

गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीने भावाचा सदरा पाहिला. तीनचाकीच्या दांड्यावर त्याचे हात घट्ट आवळले गेले. जबड्याची हाडं दिसायला लागली. त्या घराचं दार तिथून दिसत होतं आणि तो त्या दाराकडेच बघत होता.

"तू हात उचललास?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं." मग त्याने कसाबसा श्वास सोडला आणि गाडी वळवली. "चल, डॉक्टरकडे."

डंपर दुसऱ्या दिवशी खरंच गेला. क्लीनरने त्याला मारलं नाही. नुसतं बघितलं आणि "जा" म्हणाला. पुन्हा बोलावलं नाही, तोही पुन्हा गेला नाही. ड्रायव्हरचा ट्रक नाक्यावरून जायचा तेव्हा तो वेग कमी करत नसे. एकदाच, अगदी दुकानासमोर त्याचं चाक बसलं. डंपरने ते काढलं, मिस्त्रीने ठिगळ लावलं, ड्रायव्हर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. चाक मात्र पक्कं झालं होतं.

डंपरचा तो कान कायमचा गेला. दोघांची मारामारीही बंद पडली. शिवीगाळ मात्र वाढली, कारण डंपरची ती बाजू असली की आता मिस्त्रीला ओरडूनच बोलावं लागायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, हे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेत. पण शेजारच्या चहावाल्याला एक गंमत माहीत होती. काम नसलं की मिस्त्री मुद्दाम सरकत डंपरच्या बहिऱ्या बाजूला जाऊन बसायचा आणि चाकाकडे बघत हळूच काहीतरी पुटपुटायचा. चहावाल्याने एकदा चहा ठेवता ठेवता ऐकलं. "नाही उचललास हात," मिस्त्री म्हणत होता. "माझ्याच्याने झालं नसतं रे. वाघ आहेस तू."

डंपरने ओठ हललेले पाहिले आणि मान वळवली. "काय म्हणालास?"

"घण दे म्हटलं, बहिऱ्या!" मिस्त्री ओरडला.

डंपरने घण दिला.